‘मला येईल’ : शाळेतल्या एका वाक्याचा इतिहास



आजकाल अनेक शाळांच्या भिंतींवर ‘मी हुशार आहे’, ‘मी यशस्वी होणारच’ अशी वाक्ये रंगवलेली आढळतात. परिपाठाच्या वेळी ती मुलांकडून म्हणवूनही घेतली जातात. हे वळण पाश्चात्त्य आहे असे म्हटले जाते आणि त्यात तथ्यही आहे. फ्रान्समधील नान्सी येथे एमिल कुए (१८५७-१९२६) हे औषधविक्रेते आपल्याकडे येणाऱ्यांना, मी दिवसेंदिवस सुधारत आहे, अशा अर्थाचे वाक्य सकाळ-संध्याकाळ वीस-वीस वेळा म्हणावयास सांगत. परंतु स्वतःशी बोलून मनाला वळण लावण्याची रीत मराठी मुलाला परकी नव्हती. समर्थ रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ संख्येने २०५. ते म्हणणारे मूल आपल्याच मनाला हाक मारते. तेथे आत्मस्तुती मात्र नाही. मनाला बजावणे आहे. हा भेद मला मोलाचा वाटतो.

आत्मविश्वासाच्या शिक्षणाचे आपल्या इतिहासातील उत्तम उदाहरण मात्र पाठांतराचे नाही, लेखनाचे आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध छापून आला. लेखिका मुक्ता साळवे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेची, वय अवघे चौदा वर्षांची विद्यार्थिनी. शाळेत येऊन तिला जेमतेम तीन वर्षे झाली होती. वेद जर एकट्या ब्राह्मणांचे, तर आम्हांला धर्मग्रंथच नाही हे उघड आहे. मग आमचा धर्म कोणता ते देवानेच सांगावे, असा तिचा सवाल होता. पेशवाईत आपल्या लोकांनी भोगलेल्या छळाचे वर्णन तिने केले, आणि या दुखण्यावर विद्या हेच औषध असल्याचे आपल्या बांधवांना सांगितले. ‘मी हुशार आहे’ असे तिने कोठेही लिहिलेले नाही. तिला ते लिहिण्याची गरजच पडली नाही. आयुष्यभर मी मराठी निबंध तपासले. एवढा ताठ कणा असलेले विद्यार्थ्याचे लेखन क्वचितच पाहिले.

या निबंधाची आठवण मला अमेरिकेतील एका प्रयोगाने करून दिली. जेफ्री कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. सातवीच्या मुलांना, आपल्याला आयुष्यात काय मोलाचे वाटते आणि का, यावर वर्गात सुमारे पंधरा मिनिटे लिहावयास सांगितले. त्या सत्रात कृष्णवर्णीय व गौरवर्णीय मुलांच्या गुणांतील अंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटले. पुढे इतरत्र असे प्रयोग झाले, त्या सर्वांत एवढा परिणाम दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. याउलट २००९ साली कॅनडातील जोआन वुड यांच्या अभ्यासात स्वतःविषयीचे गोड वाक्य पुनःपुन्हा म्हणवून घेतले, तेव्हा ज्यांना स्वतःविषयी फारसा भरवसा नव्हता त्यांना उलट अधिकच वाईट वाटले. मनाला न पटणारे वाक्य तोंडाने म्हणावे लागले की आतले मन त्याच्याशी भांडू लागते. भिंती रंगविण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी एवढे ध्यानात घ्यावे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हे निराळ्या वाटेने ओळखले होते. १९१९ साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या ब्रीदात स्वावलंबनाचा उच्चार आहे, आणि तेथे ‘माझे’ नसून ‘आमचे’ हा शब्द आहे. १९२४ साली साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहात नाना जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीला जेवत, अंगमेहनतीची कामे करीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. आपल्याला येते हे त्या मुलांना दिवसभराच्या कामातच कळून येई.

आता आपल्या हिंडलग्याकडे येतो. १९८६ साली कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात या भागातील माणसे हुतात्मा झाली. त्यांच्या स्मारकापाशी १ जूनला येथे माणसे जमतात. त्या लढ्याचा राजकीय भाग बाजूस ठेवतो, व्याख्यानाचा तो विषय नव्हे. शाळेपुरता प्रश्न एवढाच होता की, लहान मुलाने आपल्या शिक्षणाचे पहिले ‘मी’ कोणत्या भाषेत उच्चारावे. येथील मराठी शाळेतल्या मुलाला कन्नडही शिकावी लागते, इंग्रजीही. ती त्याने उत्तम शिकावी. कन्नडशी माझे वैर नाही, शेजारणीची भाषा आहे ती. पण तीन भाषांत अडखळणारे मूल आपल्याला काही येत नाही असा ग्रह फार लवकर करून घेते, आणि भिंतीवरचे वाक्य त्याला वाचता आले तरी आपले वाटत नाही.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींना माझी एक सूचना आहे. महिन्यातून एकदा, परिपाठानंतरची पंधरा मिनिटे मुलांना कोरा कागद द्यावा. आपल्याला काय मोलाचे वाटते ते त्यांनी घरच्या बोलीत लिहावे. आजी, म्हैस, भाताचे शेत, काहीही चालेल. त्यावर लाल शाईची खूण करू नये आणि गुण देऊ नयेत. कागद वाचून मात्र काढावा, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाशी त्याच्या म्हशीविषयी दोन शब्द बोलावेत.