खांद्यावरचे गणित

न्यूटनचा तिसरा नियम शिकवायचा म्हटले की फळ्यावर बंदूक येतेच. बंदुकीचे वस्तुमान इतके, गोळीचे इतके, गोळीचा वेग इतका; तर बंदुकीचा प्रतिक्षेप वेग काढा. विद्यार्थी आकडेमोड करतात, उत्तराला एकक लावतात आणि गणित संपते. उत्तर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी मात्र हेच गणित दीडशे वर्षे आपल्या खांद्यावर सोडवले आहे. त्याचा इतिहास वर्गात सांगण्यासारखा आहे, असे आम्हाला वाटते.

या इतिहासाच्या मध्यभागी एल्क नावाचे हरीण आहे. त्याचे दुसरे नाव वापिटी. काश्मीरमधल्या आपल्या हंगुलाचा हा जवळचा नातेवाईक. (युरोपातल्या इंग्रजीत मात्र एल्क म्हणजे मूस हा वेगळाच प्राणी.) रॉकी पर्वतातल्या पूर्ण वाढीच्या नराचे वजन तीनशे किलोच्या आसपास भरते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला. अमेरिकेत व कॅनडात परवाना, हंगाम आणि संख्या ठरवून एल्कची शिकार चालते. तेव्हा प्रश्न असा की, एवढे मोठे जनावर झटकन मरावे आणि शिकाऱ्याच्या खांद्यालाही झेपावे, असे काडतूस कोणते?

प्रश्न नुसत्या दुखऱ्या खांद्याचा नाही. धक्क्याची धास्ती बसली की चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, अंग आखडते, नळी हलते. मग गोळी फुप्फुसांऐवजी पोटात नाहीतर पायात शिरते. जखमी जनावर रानात दूरवर जाऊन तडफडून मरते. धक्क्याची खरी किंमत अशा वेळी जनावर मोजते.

काळ्या दारूचे दिवस

१८७३ साली अमेरिकी सैन्याने .४५-७० हे काडतूस स्वीकारले. माहिती नावातच आहे. नळीचा व्यास .४५ इंच आणि दारू ७० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम. गोळी शिशाची, २६ ग्रॅमची. तिचा वेग सेकंदाला सुमारे ४०० मीटर. काळी दारू जळली तरी तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपातच उरतो; तोच धूर आणि काजळी. वायू कमी मिळतो, म्हणून वेगाला मर्यादा पडते. मोठ्या जनावरासाठी मग गोळी जड करणे एवढाच मार्ग उरतो आणि जड गोळीबरोबर धक्काही वाढतो. घोडदळाची कार्बाइन आखूड आणि हलकी होती. तिच्यासाठी धक्का कमी करायला दारू ५५ ग्रेनवर आणावी लागली. झेपेल असे काडतूस शोधण्याची खटपट इतकी जुनी आहे.

बिनधुराची दारू

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू बनवली. १८८६ पासून फ्रेंच सैन्याच्या ८ मिलिमीटर लेबेल रायफलीत ती आली. दारू जवळजवळ पूर्ण वायूरूप होऊ लागली आणि गोळीचा वेग दुपटीपर्यंत नेता आला. पाठोपाठ जर्मनीच्या माउझरचे ७ मिलिमीटर काडतूस आले. १८९४ साली स्वीडन व नॉर्वे यांनी मिळून ६.५ मिलिमीटरचे काडतूस ठरवले.

येथे फळ्यावर दोन ओळी लिहू या. .४५-७० च्या गोळीचा संवेग सुमारे साडेदहा किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद, गतिज ऊर्जा सुमारे २१०० ज्यूल. स्वीडिश काडतुसात ९ ग्रॅमची गोळी ८०० मीटर प्रतिसेकंद वेगाने गेली, तर संवेग अवघा ७.२, ऊर्जा मात्र २८८० ज्यूल! संवेग कमी, ऊर्जा जास्त, हे कसे? संवेग वेगाच्या प्रमाणात वाढतो, ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. खांद्याला संवेगाचा हिशेब चुकवावा लागतो. म्हणून लहान, वेगवान गोळी हा फायद्याचा सौदा ठरला.

पाठ्यपुस्तकात राहून जाणारे पद

पण आपल्या गणितात एक गोष्ट राहून जाते. नळीतून नुसती गोळी बाहेर पडत नाही, दारूचा वायूही पडतो, आणि तो गोळीहून जास्त वेगाने पडतो. त्याचा सरासरी वेग १२०० मीटर प्रतिसेकंद धरू. स्वीडिश काडतुसातली दारू सुमारे ३ ग्रॅम, म्हणून तिचा संवेग ३.६. एकूण संवेग झाला १०.८. रायफल साडेतीन किलोची असेल तर ती ३.१ मीटर प्रतिसेकंद वेगाने मागे येईल आणि तिची ऊर्जा सुमारे १७ ज्यूल असेल. वायू विसरलो तर उत्तर येते साडेसात ज्यूल, निम्म्याहूनही कमी.

मॅग्नमची चढाओढ

विसाव्या शतकात हेच विसरलेले पद महागात पडू लागले. १९०६ साली अमेरिकी सैन्याने .३०-०६ काडतूस घेतले. ११.७ ग्रॅमची गोळी, वेग सुमारे ८२० मीटर प्रतिसेकंद. वरच्याच वजनाच्या रायफलीत धक्का सुमारे २८ ज्यूल. एल्कच्या शिकाऱ्यांनी ते आपलेसे केले. १९२५ साली त्याचाच सडपातळ भाऊ .२७० विंचेस्टर आला: गोळी ८.४ ग्रॅमची, धक्का थोडा कमी.

यावरून अमेरिकी शिकारी नियतकालिकांत मोठा वाद रंगला. जॅक ओ'कॉनर हे .२७० चे पुरस्कर्ते. बेताची गोळी नेमक्या जागी लागावी, ही त्यांची बाजू. एल्मर कीथ यांचा भर जाड, जड गोळीवर. मोठे जनावर, तिरका नेम, मध्ये हाड आले तर जड गोळीच आत पोचते, असे ते म्हणत. दोघेही अनुभवी होते, आणि कीथ यांचा मुद्दा त्या काळी पोकळ नव्हता.

१९५८ साली .३३८ विंचेस्टर मॅग्नम बाजारात आले. १६.२ ग्रॅमची गोळी, साडेचार ग्रॅम दारू. हिशेब केला तर गोळीची ऊर्जा स्वीडिश काडतुसाच्या पावणेदोन पटींहून थोडी अधिक. खांद्यावरची ऊर्जा मात्र सुमारे ४९ ज्यूल, म्हणजे जवळजवळ तिप्पट. जनावराकडे जाणारी ऊर्जा वाढली त्याहून भरभर धक्का वाढला. बिनधुराच्या दारूने जे मिळवून दिले होते, त्यातले बरेच असे परत गेले.

गोळीची घडण

वादाचा निकाल शेवटी काडतुसापेक्षा गोळीनेच अधिक लावला. १९४६ साली कॅनडात जॉन नॉस्लर यांनी मूसवर गोळी झाडली. काडतूस जोरदार होते, पण गोळी चिखलाने माखलेल्या खांद्यावरच फुटून गेली. नॉस्लर यांनी मग मध्ये तांब्याच्या मिश्रधातूची आडभिंत असलेली गोळी घडवली. तिचा पुढचा भाग पसरतो, मागचा भाग शाबूत राहून आत जातो. १९८९ साली बार्न्स कंपनीची अखंड तांब्याची गोळी आली. गोळी फुटेनाशी झाली तेव्हा मध्यम काडतुसेही फुप्फुसांपर्यंत खात्रीने पोचू लागली. जनावर मरते ते गोळी हृदयाला किंवा फुप्फुसांना भेदते म्हणून. ज्यूलांचा आकडा मोठा आहे म्हणून नव्हे. स्वीडनमध्ये वापिटीहून वजनदार असलेल्या मूसची शिकार त्या जुन्या ६.५ मिलिमीटरच्या काडतुसाने आजही होते.

म्हणून ज्याला धक्का सोसत नाही, त्याच्यासाठी उत्तर अवघड नाही. ६.५ मिलिमीटर स्वीडिश, ७ मिलिमीटर माउझर किंवा १९८० साली आलेले ७ मिलिमीटर-०८ रेमिंग्टन यांपैकी एक घ्यावे, गोळी उत्तम घडणीची निवडावी, आणि नेम पक्का असेल तेवढ्याच अंतरावरून झाडावी. कीथ यांच्या शंकेचे उत्तरही यातच आहे. नेम तिरका असेल किंवा अंतर फार असेल तर लहान काडतूस बाळगणाऱ्याने चाप ओढू नये.

धक्का कमी करण्याचे आणखी मार्ग विद्यार्थ्यांना शोधायला सांगता येतील. रायफल जड केली तर काय होईल? तोच संवेग दुप्पट वस्तुमानात वाटला तर वेग निम्मा होतो आणि ऊर्जाही निम्मी. पण ती रायफल डोंगर चढून नेणार कोण? दस्त्याला रबरी गादी लावली तर? संवेग तेवढाच राहतो, तो खांद्यात उतरायला वेळ जास्त लागतो. झेल घेताना आपण हात मागे नेतो, तेच हे तत्त्व. नळीच्या टोकाला छिद्रे पाडून वायू बाजूला वळवला तर? मघाचे विसरलेले पद कमी होते, पण आवाज कानठळ्या बसवतो. प्रत्येक सोयीची किंमत कोठेतरी मोजावी लागते. संवेग अक्षय्य असतो, हे फळ्यावरचे वाक्य रायफलीचा कारागीरही टाळू शकत नाही.