गगनचुंबी इमारतीची ‘कातडी’ कशी बदलतात? रिक्लॅडिंग म्हणजे काय, सोप्या भाषेत

फोनचं बॅक कव्हर खराब झालं की आपण नवीन टाकतो, आतला फोन तोच राहतो. जवळपास हेच काम ८३ मजली इमारतीवरही करता येतं, आणि प्रत्यक्षात केलंही गेलं आहे. याला म्हणतात रिक्लॅडिंग. फरक एवढाच की कव्हर निसटलं तर फोनला ओरखडा पडतो, आणि इमारतीचं कव्हर निसटलं तर खालून चालणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊया.

क्लॅडिंग म्हणजे काय?

जुन्या वाड्याची भिंत स्वतःच छताचा भार पेलते. उंच टॉवरमध्ये तसं नसतं. तिथे सगळं वजन स्टीलचा किंवा काँक्रीटचा सांगाडा उचलतो. बाहेरून दिसणारी काच, दगड किंवा धातूची पॅनेल्स त्या सांगाड्याला अडकवलेली असतात. त्यांचं काम ऊन, वारा आणि पाऊस अडवणं. या आवरणालाच क्लॅडिंग म्हणतात.

सांगाडा नीट जपला तर शंभर वर्षंही टिकतो. आवरण, त्याचे क्लॅम्प आणि सांधे भरणारं सीलंट मात्र त्याच्या कितीतरी आधी थकतं. म्हणूनच अनेकदा इमारत न पाडता फक्त कातडी बदलणं शक्य होतं.

शिकागोची पांढरी इमारत

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या शिकागो शहराच्या मध्यवर्ती भागातलं एऑन सेंटर. १९७० च्या दशकात स्टँडर्ड ऑइल कंपनीचं मुख्यालय म्हणून ते बांधलं गेलं. उंची ३४६ मीटर. आर्किटेक्ट एडवर्ड ड्युरेल स्टोन यांनी ते इटलीच्या प्रसिद्ध करारा संगमरवराने मढवलं. सुमारे ४३ हजार लाद्या लागल्या आणि त्यांची जाडी होती जेमतेम सव्वा इंच.

धोक्याची घंटा लगेचच वाजली. २५ डिसेंबर १९७३ ला, काम सुरू असतानाच, एक लादी सुटून शेजारच्या इमारतीच्या छतातून आरपार गेली. पुढे १९८५ च्या तपासणीत अनेक लाद्या तडकलेल्या आणि बाहेरच्या बाजूला वाकलेल्या आढळल्या.

दगड वाकतो? हो, वाकतो!

संगमरवर कॅल्साइट नावाच्या खनिजाच्या बारीक कणांचा बनलेला असतो. हा कण तापला की एका दिशेने फुगतो आणि दुसऱ्या दिशेने किंचित आकसतो. शेजारच्या कणांच्या दिशा वेगवेगळ्या, त्यामुळे ते एकमेकांना ढकलतात. थंड झाल्यावर सगळे कण पूर्वीच्या जागी परत येत नाहीत. मधे सूक्ष्म फटी राहतात, त्यात पाणी शिरतं आणि दगडाची ताकद कमी होत जाते.

शिकागोत हिवाळा गोठवणारा आणि उन्हाळा चांगलाच तापणारा. जाड दगड हे बराच काळ सोसतो. पातळ लादी मात्र उन्हात ठेवलेल्या पापडासारखी वाकते.

काम कसं झालं?

• तात्पुरता आधार: लाद्या पडू नयेत म्हणून आधी स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांनी त्या धरून ठेवल्या.
• निर्णय: निवडक लाद्या बदलून भागणार नव्हतं, म्हणून सगळाच संगमरवर काढायचं ठरलं.
• नवं आवरण: १९९० ते १९९२ या काळात नॉर्थ कॅरोलायनातल्या माउंट एअरी इथला पांढरा ग्रॅनाइट बसवला. जाडी २ इंच. म्हणजे दगड जाड आणि तेवढाच जडही. अशा वेळी जुना सांगाडा हे जास्तीचं वजन पेलेल का, हे गणित आधी सोडवावं लागतं.
• खर्च: सुमारे ८ कोटी डॉलर.

जाडीत वाचवलेले पैसे असे व्याजासकट गेले.

कॅनडातल्या टोरोंटोच्या ७२ मजली फर्स्ट कॅनेडियन प्लेसची कथाही अशीच. तिथेही करारा संगमरवर होता आणि २००७ मध्ये वरून एक लादी पडली. सुदैवाने कुणालाही इजा झाली नाही. तिथे सुमारे ४५ हजार लाद्या काढून २०१२ पर्यंत पांढऱ्या काचेची पॅनेल्स लावली गेली. त्यासाठी इमारतीभोवती टांगलेला तीन मजली कामाचा प्लॅटफॉर्म वापरला.

दरवेळी सगळं नवीनच लागतं का?

नाही. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये २०१० च्या सुमारास ६,५१४ खिडक्या सुधारल्या, पण जुन्या काचा फेकल्या नाहीत. इमारतीतच वर्कशॉप थाटलं, दोन काचांच्या मधे खास फिल्म बसवली, गॅस भरला आणि त्याच खिडक्या परत लावल्या. उष्णतेची ये-जा कमी झाली. मला विचाराल तर रिपेअर या शब्दाचं हे सगळ्यात सुंदर उदाहरण आहे.

नवीन म्हणजे सुरक्षित असं नाही

लंडनचा २४ मजली ग्रेनफेल टॉवर १९७४ मध्ये पूर्ण झाला. २०१६ मध्ये त्याचं नूतनीकरण संपलं. बाहेरून ॲल्युमिनियमची पॅनेल्स लागली, इमारत नव्यासारखी दिसू लागली. पण त्या पॅनेलच्या दोन पत्र्यांमध्ये पॉलिथिलीन होतं, म्हणजे जळणारं प्लास्टिक. १४ जून २०१७ च्या रात्री एका स्वयंपाकघरात लागलेली आग या आवरणावरून वर चढत गेली आणि ७२ माणसं गेली. जुनं काँक्रीट उभंच राहिलं, पेटली ती नवी कातडी.

अशाच रचनेच्या पॅनेलला आपल्याकडे एसीपी शीट म्हणतात. दुकानांच्या दर्शनी भागावर आणि ऑफिसच्या बिल्डिंगवर ती सर्रास दिसते. सगळी एसीपी सारखी नसते. आतला थर कशाचा आहे, यावर तिचा धोका ठरतो.

तुमच्या सोसायटीत रंगरंगोटी किंवा एलिव्हेशनचं काम निघालं, तर मीटिंगमध्ये हे तीन प्रश्न विचारा:

१. पॅनेलच्या आत काय आहे आणि त्याचा अग्निचाचणीचा रिपोर्ट कुठे आहे?
२. हे आवरण सांगाड्याला कशाने अडकवलं आहे? तो भाग गंजणार नाही ना?
३. पुढची तपासणी कधी आणि कोण करणार?

डिझाइनचा थ्रीडी फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर आला की सगळे रंगावरच बोलतात. तुम्ही आतल्या थराबद्दल विचारा.