सरकलेली भूमि

भूकंप म्हणजे धरणीचा कंप, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु कंप थांबला तरी भूमि पूर्वींच्या जागीं परतत नाहीं. १९०६ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें भूकंप झाला, तेव्हां जुन्या व नव्या त्रिकोणमापनांची तुलना करून हॅरी फील्डिंग रीड या अमेरिकन शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, ताणलेला खडक भेगेपाशीं तुटतो आणि दोन्ही बाजूंची भूमि एकाएकीं विरुद्ध दिशांना सरकते. अशा मापनास मात्र फार काळ लागे.

आतां तें काम उपग्रहांच्या साहाय्यानें होतें. जमिनीवर रोवलेलें यंत्र अनेक उपग्रहांचे रेडिओसंदेश टिपतें. त्यांवरून अंतरें काढलीं कीं, त्या स्थानाची जागा सेंटिमीटरपर्यंत निश्चित होते. १९९५ च्या कोबे येथील भूकंपानंतर जपाननें अशा केंद्रांचें जाळें वाढविलें. २०११ पर्यंत त्यांची संख्या १,२०० हून अधिक झाली होती.

११ मार्च २०११ रोजीं दुपारीं २ वाजून ४६ मिनिटांनीं जपानच्या ईशान्य किनाऱ्यापुढें समुद्रतळाखालचा खडक फाटला. तीन मिनिटांत त्सुनामीचा इशारा निघाला; पण कंपमापकांवरून भूकंपाचें परिमाण ७.९ धरलें गेलें होतें. तें वस्तुतः ९.० होतें, म्हणजे मुक्त झालेली शक्ति सुमारें ४५ पट होती! महाभूकंपाची खरी शक्ति अल्पकाळाच्या कंपांत पुरती उमटत नाहीं. परिणामीं मियागी प्रांतास ६ मीटर, आणि इवाते व फुकुशिमा यांस अवघ्या ३ मीटर लाटेची सूचना गेली. समुद्रांत तरंगणाऱ्या उपग्रहमापकांनीं लाटेची उंची दाखविली, तेव्हां इशारा १० मीटरांवर नेण्यांत आला. पण तोंवर २८ मिनिटें निघून गेलीं होतीं. त्या आपत्तींतील मृत व बेपत्ता यांची संख्या १८,००० हून अधिक आहे.

खरें उत्तर जमिनीवरील केंद्रांपाशीं कांहीं मिनिटांतच जमा झालें होतें. ओशिका द्वीपकल्प सुमारें ५.३ मीटर पूर्व-आग्नेयेस सरकलें होतें आणि १.२ मीटर खचलें होतें. पण हीं मापें तत्क्षणीं वाचून भूकंपाचा आकार ठरविण्याची व्यवस्था तेव्हां इशाऱ्याशीं जोडलेली नव्हती. पुढें जपानच्या भूमापन संस्थेनें तोहोकू विद्यापीठासह तत्काळ गणिताची पद्धति उभारली.

कंप थांबल्यावरहि मापन चालूच राहिलें, आणि त्यांतून दुसरी गोष्ट कळली. खचलेला किनारा वर्षानुवर्षें हळूहळू वर येत होता. खचल्यामुळें उंच करून बांधलेले कांहीं मासेमारी बंदरांतील धक्के त्यामुळें होड्यांस फार उंच झाले, आणि ते पुन्हां कापून खालीं आणावे लागले.