रोह्याचं डिझेल इंजिन आणि त्याची वीतभर प्रतिकृती

ज्या पेणमध्ये पिढ्यान्‌पिढ्या साच्यातून गणपती निघतात, तिथे प्रतिकृतीविषयी बोलणं जरा धाडसाचंच. आज बोलायचंय ते छोट्या रेल्वेचे संग्राहक हौसेनं जमवतात त्या डिझेल इंजिनाच्या संचाविषयी. प्रश्न साधा आहे : अशा संचाला इतिहासाचा पुरावा मानायचं का?

आधी इतिहास बघू. पनवेलकडून पेण, नागोठणे करत रूळ १९८६ मध्ये रोह्याला पोचले आणि तिथेच थांबले. पुढचं काम १९९० मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळानं केलं. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. जानेवारी १९९८ मध्ये हा मार्ग सलग सुरू झाला. वर विजेच्या तारा नव्हत्या, म्हणजे गाडी ओढायची डिझेलनंच. १९९९ मध्ये कोलाडहून मालानं भरलेले ट्रक रेल्वेवर चढवून गोव्याकडे जाऊ लागले, तेही डिझेलच्याच जोरावर. २०२२ मध्ये सगळ्या मार्गाचं विद्युतीकरण पुरं झालं. म्हणजे बघा, चोवीस वर्षांत एक युग आलं आणि गेलं. उद्याच्या मुलाला ते दिसणार कुठे? बहुधा कुणाच्या तरी कपाटातल्या संचात.

आता तो संच हातात घेऊ. आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं डिझेल इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएम-२. आराखडा अमेरिकेतल्या अल्को कंपनीचा. १९६४ पासून ते वाराणसीत बनू लागलं. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती, लांबी सुमारे १७ मीटर, वजन ११३ टनांच्या आसपास. संग्राहकांचं लाडकं प्रमाण १:८७. त्या हिशेबानं लांबी होते जेमतेम २० सेंटिमीटर. वजन घनाच्या हिशेबानं घटतं, म्हणून ते उरतं सुमारे १७० ग्रॅम! जाळ्या, कठडे, दिवे, शेडचं नाव, सगळं हुबेहूब.

पण खाली वाकून रूळ मोजा. या प्रमाणाचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. सत्त्याऐंशीनं गुणलं की येतात १,४३५ मिलिमीटर, म्हणजे युरोप-अमेरिकेतलं प्रमाण अंतर. आपला ब्रॉडगेज आहे १,६७६ मिलिमीटरचा. छोट्या संचात तो १९ मिलिमीटरहून थोडा जास्त भरायला हवा. तीन मिलिमीटरही नाही हा फरक, कोण बघतंय, असं आपण म्हणू. पण १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी धावली ती याच रुंद अंतरावर. कंपनी सरकारच्या काळात झालेला एवढा मोठा निर्णय त्या तीन मिलिमीटरांत गडप होतो.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे विट्गेनस्टाईन आठवतो. सप्टेंबर १९१४ मध्ये त्यानं वहीत एक नोंद केली : पॅरिसच्या न्यायालयात मोटारीचा अपघात बाहुल्या मांडून दाखवतात. तिथे बाहुलीचा चेहरा माणसासारखा नसला तरी चालतं. कोण कुठे होतं, कुणापासून किती लांब होतं, हे जुळावं लागतं. आपल्या संचाचं नेमकं उलटं आहे. चेहरा जुळतो, अंतर चुकतं.

मग संच फेकून द्यायचा का? मुळीच नाही. तयार रूळ वापरणं ही संग्राहकाची व्यावहारिक सोय आहे, त्याला दोष देण्याचं कारण नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांना हीच गंमत दाखवतंय, आणि तिथे मुलं तासभर हलत नाहीत. माझी मागणी एवढीच : संचासोबत एक चिठ्ठी ठेवा. इंजिन कुठल्या शेडचं, कुठल्या वर्षीचं, काय मोजून केलं आणि कुठे तडजोड केली. चिठ्ठीशिवाय तो संच सुंदर खेळणं आहे. चिठ्ठी असली, की उलटतपासणीला उभा राहणारा साक्षीदार होतो. डिझेलचा धूर, त्याचा घरघराट आणि इंजिनात घाम गाळणारा माणूस १:८७ मध्ये मावत नाहीत. निदान ते मावले नाहीत, एवढं तरी त्या चिठ्ठीत लिहावं.