ग्लुकोज आयसोमरेज, स्थिरीकृत
ग्लुकोजचे फ्रुक्टोजमध्ये रूपांतर करणारे एंझाइम. ते दाणेदार आधारावर पक्के बसवून उभ्या स्तंभात भरतात. स्टार्चपासून केलेला ग्लुकोजचा पाक सुमारे ६०° से. तापमानाला त्यातून सोडतात. एंझाइम जागेवरच राहते, म्हणून तीच भरण कित्येक आठवडे कामी येते. त्याला मॅग्नेशियम लागते, कॅल्शियम बाधते. पाक आधी नीट शुद्ध करावाच लागतो. अभिक्रिया समतोलाला अडत असल्याने फ्रुक्टोज साधारण ४२ टक्क्यांवर थांबवतात. स्टार्च बहुधा मक्याचा. पण बार्शीटाकळीकडे पावसात काळी पडून मातीमोल होणाऱ्या ज्वारीतही तो असतोच, हे लक्षात घ्यायला हवे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील भोसले, राव व देशपांडे यांचा १९९६चा आढावा या विषयात मोलाचा आहे.