कोपऱ्यातली सही

माझे मामू कोल्हापुरात पाट्या रंगवायचे. पिठाची गिरणी, सायकलचं दुकान, केशकर्तनालय, तालमीची पाटी, जे येईल ते. अक्षर असं की गिऱ्हाईक दुकानाबाहेर उभं राहून आधी पाटीच बघत राहायचं. प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, अंगठ्याच्या नखाएवढी मामूंची सही असे. पाटीचे पैसे बुडाले तरी चालतील, सही पुसलेली त्यांना चालत नसे. एकदा एका दुकानदारानं पाटी पुन्हा रंगवताना दुसऱ्याकडून सहीवर रंग फासून घेतला, तर मामूंनी त्याच्याकडून साखर घेणं बंद केलं होतं.

हे मामू १९९१ साली डोळे तपासायला मुंबईला आले. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि महंमद अली रोडवर एका नातेवाइकाच्या खोलीत राहत होतो. माझा एक मित्र जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकत होता. मलाही तिथंच जायचं होतं. इंटरमिजिएटच्या परीक्षेपर्यंत मी ड्रॉइंग केलेलं होतं, पण घरच्यांच्या आणि माझ्याही हिशेबात ते बसलं नाही. मग मी मित्राचं कॉलेज आपलंच मानलं. माझी दुपार बऱ्याचदा त्या आवारातच जायची. डाँकी नावाच्या लाकडी बाकावर घोड्यावर बसावं तसं बसून मुलं चित्रं काढायची. कोळशाची रेघ चुकली की पाव कुस्करून त्यानं खोडायची आणि महिनाअखेर आली की तोच पाव चहात बुडवून खायची. कामं जमा करायच्या आदल्या रात्री कुणी झोपत नसे. लोकलच्या दारात भला मोठा ड्रॉइंग बोर्ड धरून लोकांच्या शिव्या खाणारा मुलगा दिसला, की तो जे.जे.चा हे समजून जावं.

कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन चालू होतं. शेवटचा दिवस होता. मी मामूंना म्हटलं, चला, चित्रं दाखवतो. बोरीबंदरला उतरून आम्ही रस्ता ओलांडला आणि मामू तिथंच थांबले. स्टेशनच्या इमारतीकडं बघू लागले. दगडातली पानं, वेली, पक्षी, प्राणी, माणसांची तोंडं. नजर अधू झाली होती तरी हात कपाळावर धरून त्यांनी बराच वेळ बघितलं. मी मोठेपणानं सांगितलं, "मामू, हे कोरीव काम आपण आता जातोय त्या शाळेतल्या पोरांनी केलंय, शंभर वर्षांपूर्वी."

मामू म्हणाले, "सही कुठं हाय रं?"

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढं बरीच वर्षं जे.जे.विषयी जे मिळेल ते वाचत गेलो, ते या प्रश्नापायी.

या शाळेचा जन्मच मुळी सही नसलेल्या हातांसाठी झाला. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली एक लाख रुपये देऊ केले. त्या वेळचे एक लाख. १८५७ च्या मार्चमध्ये वर्ग सुरू झाले, तेही एल्फिन्स्टन संस्थेच्या जागेत. चित्रकार घडवणं हा काही मुख्य हेतू नव्हता. देशी कारागिरांचे धंदे विलायती मालापुढं मोडत होते, त्यांच्या हाताला नवं वळण द्यावं, असा विचार होता. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग शिकवायला आले. पुढच्या वर्षी तीन कार्यशाळा निघाल्या. सजावटीचं रंगकाम, मूर्तिकाम आणि लोखंडाचं नक्षीकाम. म्हणजे सुतार, लोहार, पाथरवट यांच्या घरच्याच विद्या, फक्त त्यांना आता हजेरीपट होता.

किपलिंग साहेबांचा मुलगा रुडयार्ड याच आवारात ३० डिसेंबर १८६५ रोजी जन्मला. तो पुढं मोठा लेखक झाला. पाच वर्षांचा असताना तो शिक्षणासाठी इंग्लंडला गेला, आणि आवारात आज उभा असलेला बंगलाही त्याच्या जन्मानंतरचा आहे. तरी त्याचा अर्धपुतळा तिथं आहे. पाच वर्षं राहिलेल्या बाळाचं नाव राहिलं. तिथं दगड फोडलेल्यांचं काय, असं मामूंनी विचारलं असतं.

बापाचंही नाव राहिलं आहे. १८६९ मध्ये खुला झालेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं किपलिंग यांची, हे कुठलंही पुस्तक सांगतं. बोरीबंदरचं स्टेशन १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभं राहिलं. वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. घुमटावरची 'प्रगती'ची मूर्ती करणारे टॉमस अर्प. ही दोन नावं पाठ असणारे लोक आहेत. बाकीच्या नक्षीकामापुढं काय लिहिलेलं असतं? 'बॉम्बे स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी आणि देशी कारागीर.' २००४ मध्ये ही इमारत जागतिक वारसा ठरली, तेव्हाही एवढंच.

पण मला जास्त चटका लावते ती अजिंठ्याची गोष्ट. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्याचं काम याआधी मेजर रॉबर्ट गिल यांनी केलं होतं. त्या प्रती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. मग जे.जे.चे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा सुरुवात केली. १८८५ पर्यंत हे काम चाललं. विचार करा, विशी-पंचविशीची मुलं. मुंबईहून दूर, डोंगरातल्या लेण्यांत मुक्काम. अंधार, वटवाघळं, ओल. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी, त्यानंही सही केलेली नाही, भिंतीवर काढलेला हात, डोळा, कमळ. त्याची रेघ आपल्या कॅनव्हासवर जशीच्या तशी उतरवायची. आपली काही घालायची नाही. तेरा वर्षांत सुमारे तीनशे चित्रं झाली. त्यांतली काही वीस फूट लांबीची. चित्रं नीट दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निश लावलं गेलं. पुढं ते पिवळं पडून मूळ चित्रांचं नुकसान झालं, हेही याच कामाच्या खात्यावर मांडायला हवं.

प्रती लंडनला गेल्या. १८८५ मध्ये तिथल्या संग्रहालयाच्या गोदामाला आग लागली आणि शंभरावर प्रती जळून गेल्या. एकाच चित्रांच्या नकला दोनदा जळाव्यात, याला काय म्हणायचं? उरल्यासुरल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, आणि कित्येक दशकं त्या कायमच्या प्रदर्शनात नाहीत. १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचे अजिंठ्यावरचे दोन मोठे खंड निघाले. लोक आजही म्हणतात, 'ग्रिफिथ्सच्या प्रती'. पण साहेबाला दोष देण्याची घाई नको. विद्यार्थ्यांची नावं नोंदली गेली होती आणि त्यांतली काही संग्रहालयाच्या दप्तरात टिकली आहेत. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत अशी ती नावं. पेस्तनजी पुढं नामांकित चित्रकार झाले. बाकीच्यांचं चरित्र म्हणजे तेवढी एक ओळ.

मी कोल्हापूरचा असल्यामुळं आणखी एका विद्यार्थ्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. आबालाल रहिमान. घरात कुराणाच्या प्रती हातानं लिहिण्याची परंपरा. कागद, शाई, बोरू यांच्यातच वाढलेला मुलगा. १८८० मध्ये जे.जे.त आला, आठ वर्षं शिकला आणि १८८८ मध्ये व्हाइसरॉयचं सुवर्णपदक घेतलं. मुंबईत राहिला असता तर साहेबांची आणि शेटजींची व्यक्तिचित्रं काढून सुखात जगला असता. तो परत कोल्हापूरला गेला. रंकाळा, पंचगंगेचा घाट, पहाटेचं पाणी रंगवत बसला. शाहू महाराजांनी त्याला सांभाळलं. १९२२ मध्ये महाराज गेले, त्या दुःखात आबालालनं आपली चित्रं पाण्यात सोडली, असं आमच्याकडं म्हातारी माणसं सांगत. मामूही सांगत. सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. सुवर्णपदकाचा माणूस आपलीच सही पाण्यात सोडतो, हे त्यांना पटतही नव्हतं आणि विसरताही येत नव्हतं.

आबालालनंतर दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, कोल्हापूरचाच दुसरा मुलगा या शाळेत आला. महादेव विश्वनाथ धुरंधर. तो मात्र तिथंच रुजला. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक, लगेच शाळेत नोकरी, आणि १९३१ मध्ये निवृत्ती. या काळावर त्यांनी 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे' हे पुस्तक लिहिलं, ते १९४० मध्ये निघालं. माझ्या मते या शाळेच्या इतिहासातली ही फार मोठी घटना आहे. तोवर शाळेचा इतिहास म्हणजे सरकारी अहवाल होता. धुरंधरांनी तो विद्यार्थ्याच्या बाकावरून आणि मराठीतून सांगितला. त्यांची मुलगी अंबिका हिनंही इथूनच १९३१ मध्ये पदविका घेतली.

धुरंधरांच्या काळातच ग्लॅडस्टन सॉलोमन आले. त्यांनी भित्तिचित्रांचा वर्ग काढला. १९२४ मध्ये वेंबलीच्या प्रदर्शनात मुंबईच्या विद्यार्थ्यांनी सजवलेली खोली गेली आणि त्या दशकाच्या शेवटी नवी दिल्लीच्या सचिवालयाच्या भिंती त्यांनी रंगवल्या. पुन्हा सरकारी भिंती, पण आता निदान चित्रकाराचं नाव विचारलं जाऊ लागलं होतं. पुढची पिढी तर नाव सांगायला थांबलीही नाही. १९४५ मध्ये फ्रान्सिस न्यूटन सूझा या विद्यार्थ्याला स्वातंत्र्य चळवळीतल्या सहभागामुळं काढून टाकलं गेलं. दोन वर्षांत त्यानं रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांना घेऊन प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. शाळेनं नाकारलेल्यांची यादी तशी छोटी नाही. आर. के. लक्ष्मण यांनाही प्रवेश मिळाला नव्हता. चित्रात पुरेशी चमक नाही, असं त्यांना कळवण्यात आलं होतं. आणि अरुण कोलटकर यांनी १९४९ मध्ये प्रवेश घेतला आणि पदविका हातात पडली ती १९५७ मध्ये. आम्हा कवींना ही आठ वर्षं फार धीर देतात.

त्यानंतर शाळेच्या वाटण्या झाल्या. वास्तुकला १९५८ मध्ये वेगळी, उपयोजित कला १९६१ मध्ये वेगळी. २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाच्या निमित्तानं ही भावंडं पुन्हा एका छताखाली आणायचं ठरलं. ते असो. मला परत १९९१ च्या त्या संध्याकाळकडं जायचं आहे.

मामू प्रदर्शनात शिरले आणि चित्रांआधी चित्रांखालची चिठ्ठी वाचू लागले. विद्यार्थ्याचं नाव, वर्ग, चित्राचं माध्यम. प्रत्येक चिठ्ठीला मान हलवत होते. बोरीबंदरचं उट्टं निघत असल्यासारखे खूश होते. माझ्या मित्राच्या चित्रापाशी आम्ही आलो. म्हाताऱ्याचं व्यक्तिचित्र होतं, तैलरंगात. गालफडं बसलेली, डोळे मात्र तरतरीत. खाली मित्राचं नाव, आणि शीर्षक: 'वृद्ध'.

"ह्यांचं नाव काय?" मामूंनी विचारलं.

मित्र गोंधळला. म्हणाला, "मामू, ते मॉडेल आहेत. आमच्यासमोर बसतात."

"बसत्यात ते दिसतंयच की. नाव काय?"

मित्राला नाव ठाऊक नव्हतं. दोन महिने त्या माणसाच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती त्यानं बघितली होती. मॉडेल म्हणून बसणारी ही माणसं, त्यांत बायकाही, रोजावर येतात आणि आपण काय काम करतो हे बऱ्याचदा घरीही सांगत नाहीत. २०१८ मध्ये रवी जाधव यांचा 'न्यूड' हा चित्रपट आला, तेव्हा सर्वसामान्य प्रेक्षकाला हे जग पहिल्यांदा दिसलं. तोही आदल्या वर्षी गोव्याच्या महोत्सवातून ऐनवेळी वगळला गेला होता. १९९१ मध्ये तर या विषयावर कुणी बोलतही नव्हतं.

मामूंनी हट्टच धरला. मित्र शिपायाकडं गेला, शिपायानं दुसऱ्या कुणाला विचारलं, आणि अर्ध्या तासानं नाव मिळालं. तोवर सहा वाजून गेले होते आणि मुलं भिंतीवरून चित्रं उतरवू लागली होती. मित्रानं आपलं चित्र उतरवलं, पालथं ठेवलं आणि मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीनं नाव लिहायला घेतलं. मामूंनी दोन अक्षरं होईपर्यंत बघितलं.

"अक्षर बरं न्हाई तुझं," म्हणाले. "आन इकडं."

त्यांनी जमिनीवर बैठक मारली, चष्मा नाकावर ओढला आणि त्या पट्टीवर म्हाताऱ्याचं पूर्ण नाव लिहिलं. गिरणीच्या पाटीवर लिहायचे तसं, गोल, ठसठशीत, शिरोरेघ एका दमात. खाली गावही घातलं. मग सवयीनं हात उजव्या कोपऱ्यात गेला आणि बारकी सही झाली. ती बघून स्वतःच चमकले. माझ्या मित्राकडं हात पसरून म्हणाले, "पाव हाय का रं तुझ्याकडं?"

पावाचा तुकडा मिळाला. त्यानं घासून घासून त्यांनी आपली सही पुसून टाकली.