पंखांचे प्रयोजन : कल्पित विमाने आणि संभवनीयतेचा प्रश्न

कल्पित अंतराळयुद्धांतील लढाऊ याने एखाद्या ग्रहाच्या वातावरणात खरोखर उडू शकतील काय, हा प्रश्न वरवर पाहता साहित्यसमीक्षेच्या कक्षेत बसणारा नाही. तो वायुगतिकीच्या अभ्यासकाने सोडवावा आणि समीक्षकाने फार तर कुतूहलाने ऐकावा, अशी आपली समजूत असते. परंतु हा प्रश्न कोणत्या संहितेला विचारला जातो आणि कोणत्या संहितेला विचारण्याचे कुणाच्या मनातही येत नाही, याचा इतिहास मात्र समीक्षेचाच विषय आहे. त्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा कोल्हापूरच्या कलापरंपरेशी जोडलेला आहे, आणि म्हणून प्रारंभ तेथूनच करणे सोयीचे होईल.

बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली ती नाटकांच्या पडद्यांवर महाल आणि अरण्ये रंगविण्याच्या अनुभवाच्या बळावर. कॅमेराही त्यांनी येथेच जुळवून तयार केला. या कंपनीतून 'सैरंध्री' (१९२०) हा पौराणिक चित्रपट निघाला, तसाच 'सावकारी पाश' (१९२५) हा कर्जबाजारी शेतकऱ्याच्या दैन्याचा चित्रपटही निघाला. अद्भुत आणि वास्तव या दोन स्वतंत्र शाळा आहेत असे या मंडळींनी कधी मानलेले दिसत नाही. याच कंपनीत घडलेले विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल हे १९२९ साली कोल्हापुरातच स्थापन झालेल्या 'प्रभात'चे भागीदार झाले. 'प्रभात' १९३३ मध्ये पुण्यास गेली, आणि तेथे १९३६ साली या दोघांनी 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला.

या चित्रपटाचा बहुतांश भाग विलक्षण जमिनीवरचा आहे. घरातली उपासमार, जिजाईचा त्रागा, दारातली म्हैस, गावातली धूळ, या साऱ्यांना वजन आहे. पडद्यावरच्या वस्तू उचलायला गेल्यास जड लागतील असे वाटते. आणि शेवटी आकाशातून गरुडाच्या आकाराचे विमान उतरते. त्याचे पंख हलतात. तुकाराम त्यात बसून जातात आणि जिजाई मागे राहते.

हलणाऱ्या या पंखांकडे जरा थांबून पाहावयास हवे. महीपतींच्या 'भक्तलीलामृता'त (१७७४) तुकोबांचे चरित्र येते. त्या परंपरेतील वैकुंठगमनाला यंत्रशास्त्राची गरज नाही. ऐकणाऱ्याला विमान म्हटले की पुरे असते, कारण तेथे विमान हे भगवंताने केलेल्या सन्मानाचे रूप आहे. रामायणातील पुष्पकाचीही तीच गत. ते मुळात दालने आणि गवाक्षे असलेला महालच आहे; ते स्वामीच्या मनाप्रमाणे चालते. काही ठिकाणी त्याला हंस जोडल्याचा उल्लेख येतो, परंतु ते हंस रथाच्या घोड्यांच्या जागी आहेत, उड्डाणाचे कारण म्हणून नव्हेत. शब्दांतील विमानाला 'कसे?' हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो विचारतो तो कॅमेरा. पडद्यावर एखादी जड वस्तू वर जाताना दाखवायची तर ती वर का जाते याचे काहीतरी दृश्य कारण द्यावे लागते. त्यातच १९३२ साली कराची-मुंबई हवाई टपाल सुरू झालेले होते. खरे विमान ही ऐकीव गोष्ट राहिलेली नव्हती. दामले-फत्तेलाल यांनी गरुडाला पंख हलवायला लावले ते वायुगतिकीसाठी नव्हे, तर प्रेक्षकाच्या डोळ्याशी झालेल्या एका मूक करारासाठी. त्या पंखांनी ते विमान हवेत उचलले जाणार नाही हे थिएटरातील प्रत्येकाला ठाऊक होते, आणि तरीही पंख स्थिर ठेवले असते तर दृश्य फसले असते असे मला वाटते.

आता चाळीसएक वर्षे पुढे येऊ. १९७७ साली अमेरिकेत 'स्टार वॉर्स' प्रदर्शित झाला. त्यातील अंतराळयुद्धाची दृश्ये बसविताना जॉर्ज लुकास यांनी दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या झुंजींचे चित्रण नमुना म्हणून वापरले, हे सर्वश्रुत आहे. परिणामी त्यातील 'एक्स-विंग' जातीची याने वळताना एका कुशीवर कलतात आणि शत्रूच्या पाठीमागे सूर मारतात. निर्वात पोकळीत यांतील काहीच घडण्याचे कारण नाही. विमान कलते ते पंखावरचा उचल-जोर वळणाच्या दिशेने झुकविण्यासाठी. जेथे हवाच नाही तेथे कलून काही मिळत नाही. तेथे यानाचे तोंड एकीकडे आणि गती दुसरीकडे असू शकते, आणि इंजिन बंद केले तरी ते त्याच वेगाने जात राहते.

म्हणजे ही याने वातावरणात उडू शकतील काय, हा प्रश्नच उलटा मांडला गेला आहे. ती जन्मतः वातावरणातलीच आहेत. परकी आहेत ती अंतराळात.

अर्थात वातावरणाची परीक्षाही त्यांना सोपी जाणार नाही. पंखाचा उचल-जोर हवेची घनता, पंखाचे क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांवर अवलंबून असतो. एक्स-विंगचे अरुंद पंख त्यामुळे मंद वेगात फारसे कामाचे नाहीत. पण इंजिन पुरेसे बलवान असेल तर बेढब वस्तूही हवेतून रेटता येते. साम्राज्याच्या 'टाय फायटर'ची अवस्था अधिक बिकट. दोन बाजूंना उभे केलेले ते प्रचंड फलक उचल देत नाहीत, आणि बाजूच्या वाऱ्याला मात्र घराच्या भिंतीसारखे सामोरे जातात. चित्रपटमालिकेच्या चाहत्यांनी व अधिकृत ग्रंथकारांनी यावर गुरुत्वाला दूर सारणारी यंत्रे आणि अदृश्य कवचे यांची योजना करून तोड काढली आहे. आपल्याकडील टीकाकारांनी दोन विरोधी वचनांची संगती लावण्यासाठी जी बुद्धी खर्च केली, तिचेच हे वंशज म्हणावे लागतील. मूळ संहितेला जी अडचण जाणवलीच नव्हती, ती भाष्याला जाणवते.

खऱ्या अंतराळयानांनी हा प्रश्न किती निर्दयपणे सोडविला आहे तेही पाहावे. १९६९ साली चंद्रावर उतरलेले अपोलोचे चांद्रयान केवळ निर्वातासाठी घडविलेले होते. कोळ्यासारखे, पातळ पत्र्याचे, वाऱ्याची पर्वाच नसलेले. उलट १९८१ पासून उडू लागलेल्या स्पेस शटलला पंख होते, आणि कक्षेत असताना ते निव्वळ ओझे होते. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणाच्या वेळी सुटून आलेल्या फेसाच्या तुकड्याने 'कोलंबिया'च्या डाव्या पंखाची पुढची कड फुटली. अंतराळातील सुमारे सोळा दिवसांत त्या भगदाडाने काहीही बिघडले नाही. १ फेब्रुवारीला वातावरणात शिरताना तप्त वायू त्यातून आत घुसला आणि कल्पना चावला यांच्यासह सातही जण मृत्युमुखी पडले. पंखाचे प्रयोजन काय, याचे याहून कठोर उत्तर कल्पितकथेत सापडणार नाही.

येथे मीमांसकांची एक जुनी विभागणी उपयोगी पडते. वेदवाक्यांत काही विधी असतात, म्हणजे काय करावे ते सांगणारी वाक्ये. आणि काही अर्थवाद असतात, म्हणजे स्तुतीसाठी किंवा निंदेसाठी आलेली वाक्ये. यज्ञातील खांबाला सूर्य म्हटले तर मीमांसक खांब तापतो काय हे पाहायला जात नाही, आणि वाक्य खोटे आहे असेही म्हणत नाही. तो त्याचे तात्पर्य शोधतो. गरुडाचे पंख हा अर्थवाद आहे. एक्स-विंगचे पंखही अर्थवादच आहेत. फक्त तेथे स्तुती देवाची नसून वैमानिकाच्या शौर्याची आहे.

अर्थवादाला विधी समजून वाचले की काय होते, याचे उदाहरण 'वैमानिकशास्त्र' या ग्रंथात मिळते. भरद्वाजांच्या नावावर सांगितला जाणारा हा संस्कृत मजकूर पंडित सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात तोंडी सांगितला आणि त्यातील विमानांची चित्रे १९२३ मध्ये काढली गेली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली या ग्रंथाची तपासणी केली. ग्रंथ १९०४ च्या मागे नेता येत नाही आणि चित्रांतील शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर ही विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. या तपासणीचे मोल मला विज्ञानाइतकेच वाचनपद्धतीच्या दृष्टीने वाटते. ज्या संहितेने स्वतः विधी असल्याचा दावा केला, तिलाच त्यांनी विधीची कसोटी लावली. रामायणावर त्यांनी आकडेमोड केली नाही. इतके तारतम्य जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये मात्र दिसले नाही. तेथे प्राचीन विमानविद्येवरील निबंध सिद्ध तंत्रज्ञानाच्या थाटात वाचला गेला. त्याच महिन्यात शिवकर बापूजी तळपदे यांच्या १८९५ च्या कथित उड्डाणावरील 'हवाईजादा' हा चित्रपट प्रदर्शित झाला. चित्रपट म्हणून त्याला तो अधिकार होताच. निर्विवाद समकालीन पुरावा नसलेल्या त्या उड्डाणाला इतिहास म्हणून उभे करणे ही वेगळी गोष्ट.

मात्र यावरून सर्वच कल्पितकथांना 'उडेल काय?' हा प्रश्न विचारू नये असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञानकथेला लावलेली शिस्त नेमकी याच ठिकाणी आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली. तेव्हापासून 'यक्षांची देणगी' आणि 'प्रेषित' यांपर्यंत त्यांच्या कथांतील संघर्ष बहुधा वेधशाळेत आणि गणितात घडतो, लढाऊ यानांच्या झुंजीत नव्हे. ज्ञात विज्ञानाशी उघड विरोध नसणे ही त्यांच्या दृष्टीने कथेची अट होती, आणि ती अट त्यांनी स्वतःहून पत्करलेली असल्यामुळे तिच्याच मापाने त्यांची कथा मोजणे न्याय्य ठरते. त्या शिस्तीची किंमतही त्यांनी मोजली. त्यांच्या पात्रांना दामले-फत्तेलालांच्या जिजाईचे वजन क्वचितच लाभते. क्षेमेंद्राने औचित्य हे काव्याचे जीवित मानले. पण औचित्य कोणत्या करारान्वये, हे प्रत्येक कृती स्वतः ठरविते, आणि समीक्षकाला तो करार आधी वाचावा लागतो.

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने आपल्या पंखधारी, पुन्हा वापरता येणाऱ्या यानाला 'पुष्पक' हे नाव दिले आहे. २२ मार्च २०२४ रोजी चित्रदुर्गजवळ ते हेलिकॉप्टरने सुमारे साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडण्यात आले. मनाच्या इच्छेने चालणाऱ्या महालाचे हे नामधारी वंशज तेथून इंजिनाशिवाय, केवळ पंखांच्या आधाराने तरंगत आले, आपोआप धावपट्टीशी जुळले आणि मागे उघडलेल्या छत्रीने वेग आवरत थांबले.